मे महिन्याच्या पाच सह्या

आमच्या खात्याच्या नोंदवहीत एका विहिरीच्या पाच मे महिन्यांच्या नोंदी खोट्या आहेत. त्या मी केल्या. प्रत्येक नोंदीपुढे विहिरीच्या मालकाची सही आहे आणि ती सही अस्सल आहे. त्या सहीमुळे तो माणूस आयुष्याच्या शेवटापर्यंत आपल्याच वस्तीत खोटा ठरला, आणि मी पेन्शन घेऊन घरी आलो. हे सांगायला मी सोळा वर्षं लावली. आता माझं वय बहात्तर आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं जवळजवळ कोणी उरलेलं नाही.

मी जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी खात्यात नोकरीला होतो. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्याकडे होते. नदीकाठ आणि कालव्याखालचा पट्टा सोडला, तर हा सगळा कोरडा मुलूख. पाऊस सह्याद्रीतच संपतो, इकडे ढग नुसते सावली देऊन जातात. त्यात खाली खडक काळा. नदीच्या वाळूत पाणी सगळीकडे सारखं मुरतं, तसं या खडकात मुरत नाही. ते फक्त भेगांमध्ये असतं. त्यामुळे इथे शंभर पावलांवरच्या दोन विहिरी एकमेकींना ओळखत नाहीत, आणि अर्ध्या मैलावरच्या दोन विहिरी सख्ख्या बहिणी निघतात. कुठली भेग कुठून कुठे जाते हे शोधणं, आणि ठरवून दिलेल्या विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजणं, हे माझं काम. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे.

माझी फेरी शिरूरकडून सुरू व्हायची. रांजणगावच्या माळावरून, भीमा ओलांडून दौंडकडे, मग पाटस, आणि सोलापूर रस्त्याने परत येताना सगळ्यात शेवटी कासुर्डीच्या वरच्या अंगाची एक वस्ती. रस्त्याच्या खालच्या बाजूला कालवा आणि ऊस, वरच्या बाजूला मुरमाड माळ आणि बोडके डोंगर. वस्ती माळावर, वीसेक घरांची. बहुतेक मराठ्यांची घरं, चार मुसलमानांची. त्या चारांतल्या एका घराच्या मागे ती विहीर होती. तिच्या कठड्यावर पांढऱ्या तैलरंगाने खात्याचा नंबर मी स्वतः घातला होता. रंग उरला तो डबा मी तिथेच ठेवून आलो.

विहिरीच्या मालकाला सगळी वस्ती चाचा म्हणायची. मीही तेच म्हणू लागलो, खरं तर आमचं वय सारखंच होतं. थोडी जिराईत जमीन आणि पाण्याच्या मोटारी भरायचा धंदा. जळालेली मोटार उघडून त्यातली तांब्याची तार काढायची, नवीन तार गुंडाळायची. आसपासच्या दहा गावांच्या मोटारी त्यांच्या ओट्यावर येऊन पडलेल्या असत. विहीर त्यांची होती, पण पाणी सगळी वस्ती भरायची, आणि तसं कधी कोणी कोणाला विचारलेलंही नव्हतं.

पाणी मोजायचं तर ते थांबलेलं असावं लागतं. उपसा चालू असताना घेतलेली पातळी खरी नसते. म्हणून मी येण्याआधी निरोप पाठवायचो, आणि आदल्या संध्याकाळपासून चाचा विहिरीला कोणाला हात लावू देत नसत. सकाळी मी पोचेपर्यंत कोणी पोहरा टाकायचा नाही. बाया रिकामे हंडे घेऊन कठड्याशी बसलेल्या असत. मी टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, टेप खाली सोडायची, पाण्यात बुडाल्याचा अंदाज आला की वर काढायची आणि खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. पण त्याआधी चाचा मला आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या माठातलं पाणी द्यायचे. "आधी प्या, मग मोजा," म्हणायचे. तो त्यांचा नियमच होता.

बसलेल्या बाया माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त मजा करायच्या.

"चाचा, इहिरीला पगार कवा चालू व्हनार सरकारचा?"

"पगार न्हाई," चाचा म्हणायचे, "थेट पेन्शन. आटली की."

आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

नोंदवहीत प्रत्येक मोजणीपुढे मालकाची सही लागायची. चाचा मोटारीच्या कामाला बाहेर गेलेले असले की ती राहायची, मग सहीसाठी पुन्हा फेरा. म्हणून एका ऑक्टोबरमध्ये मी त्यांना सांगितलं की पुढच्या तीन फेऱ्यांच्याही सह्या आत्ताच करून ठेवा. आकडे मी नंतर भरीन. त्यांनी विचारलं, "चालतंय का असं?" मी म्हटलं, चालतं. ते हात पुसून बसले आणि चार रकान्यांपुढे सावकाश, पूर्ण नावाने चार सह्या केल्या, प्रत्येक सहीखाली "विहीर मालक" असं लिहून. पुढे दर ऑक्टोबरला हेच होत गेलं. ही पद्धत खात्याची नव्हती. माझ्या सोयीसाठी ती मी पाडली.

त्या विहिरीच्या भेगेचा शोधही माझाच. वस्तीच्या वर, अर्ध्या मैलावर, एका मोठ्या बागायतदाराची जमीन होती. लोक त्यांना आप्पा म्हणत. गावच्या सोसायटीत आणि राजकारणात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या रानापासून चाचांच्या विहिरीपर्यंत माळावर उंबराची पाच-सहा झाडं एका ओळीत उभी होती, बाकी माळ बोडका. असं झाड दुष्काळात हिरवं राहिलं तर खाली काहीतरी असतं. मी दोन दिवस चालून, खडक बघून, ती भेग कागदावर काढली. आप्पांनी पहिला बोअर मारला तो बरोबर तिच्यावर. तो दिवसभर चालू ठेवून मी चाचांच्या विहिरीवर टेप सोडून बसलो. संध्याकाळपर्यंत पाणी चार बोटं खाली गेलं. मला फार आनंद झाला. आपला अंदाज खरा निघाल्याचा आनंद. मी चाचांना म्हटलं, "ही भेग सरळ तुमच्या विहिरीत उतरते. वर कोणी नळी लावली तर तुमचं पाणी तिकडे जाईल." ते त्या उंबरांकडे बराच वेळ बघत राहिले. त्या चाचणीची मंजुरी मी घेतलेली नव्हती, म्हणून ती कागदावर आली नाही. तोंडीच राहिली.

आता त्या पाचांतला पहिला मे.

कारण मोठं असतं तर बरं झालं असतं. कोणी आजारी होतं, गाडी उलटली होती, असं काहीतरी. तसं काही नव्हतं. आठवड्यापूर्वीच्या वळवात ओढ्यावरचा फरशीपूल वाहून गेला होता, जीप वस्तीपर्यंत जात नव्हती आणि शेवटचा दीड मैल चालावा लागणार होता. ऊन होतं. मी हमरस्त्यावरच्या एका रसवंतीत, उसाच्या चिपाडांच्या सावलीत बसलो, वही उघडली, मार्चचा आकडा बघितला आणि दरवर्षी मार्च ते मे जेवढी घट व्हायची तेवढी वजा करून आकडा लिहिला. सही पुढे होतीच. दुसरा ग्लास घेतला आणि पुण्याला आलो.

निरोप मी पाठवलेला होता. त्या दिवशी वस्ती आदल्या संध्याकाळपासून विहिरीला हात न लावता माझी वाट बघत होती. दुपारी बाराला चाचांनी हंडे भरायला सांगितलं. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं. ते एवढंच म्हणाले, "मे मध्ये वाट बघितली, साहेब." मी गाडी बंद पडल्याचं सांगितलं. त्यांनी माठातलं पाणी दिलं. मी पाणी प्यालो, मग मोजलं.

दुसऱ्या वर्षी मी निरोपच पाठवला नाही. एकदा खोटा आकडा लिहिला की पुढच्या वर्षी खरा लिहायला भीती वाटते, कारण आलेखात एकदम खड्डा दिसेल आणि वरिष्ठ विचारतील, हे काय. म्हणून दुसरा मे पहिल्याशी जुळवून घेतला, तिसरा दुसऱ्याशी. पाच वर्षं. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च मी जात होतो, ते आकडे खरे होते. मार्चपर्यंत वरचे बोअर फार चालत नसत. आप्पांनी डाळिंब लावलं होतं, त्याचं पाणी एप्रिल-मेमध्ये वाढायचं. त्या पाच वर्षांत त्यांचे एकाचे तीन बोअर झाले, सगळे त्याच ओळीवर, आणि प्लॅस्टिक घातलेलं मोठं शेततळं. तिन्ही बोअरचं पाणी उन्हाळाभर त्यात पडायचं. विहीर मे महिन्यात तळाला जायला लागली होती. शेवटच्या दोन वर्षांत तर वाटीने पाणी गोळा करायची वेळ आली. माझ्या वहीत त्याच महिन्यांत ती नेहमीसारखी, शहाण्या विहिरीसारखी थोडीशी उतरत होती.

चाचांनी मला हे सांगितलं नाही असं नाही. एका जानेवारीत त्यांनी मला कठड्यावरून वाकून आत बघायला लावलं. उरलेल्या तैलरंगाने त्यांनी दर मेमध्ये पाण्याच्या रेषेवर आतल्या भिंतीला पांढरा पट्टा मारला होता. पायट्यांवरून स्वतः उतरून, ब्रश तोंडात धरून. पट्टे एकाखाली एक गेले होते. शेवटचा जवळजवळ तळाशी. "तुमी येत न्हाई, मग मीच मोजतोय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी म्हटलं, चांगलं केलंत. ते पट्टे मी तेव्हाच उतरवून घेतले असते, तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

त्यानंतर वस्तीने अर्ज केला. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला बाधा येत असेल तर जवळचे बोअर बंद करता येतात असा कायदा आहे. अर्जावर पहिली सही चाचांची. मजकुरात लिहिलं होतं की भूजल खात्याच्या साहेबांनीच आम्हाला भेग दाखवली आहे. अहवाल अर्थात माझ्याकडेच मागितला गेला.

अहवालात खरं लिहायचं तर पाच मे खोटे आहेत हे आधी लिहावं लागलं असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. खोट्या नोंदी म्हणजे चौकशी, आणि चौकशी चालू असताना निवृत्त झालो तर पेन्शन अडकते. मी लिहिलं की उपलब्ध नोंदींवरून विहिरीच्या पातळीत लक्षणीय घट दिसत नाही. ते वाक्य आजही मला जसंच्या तसं पाठ आहे.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत झाली. वस्तीकडून चाचा आणि दोघं-तिघं, दुसऱ्या बाजूला आप्पा. आप्पांनी काही खोटं केलं नाही हेही इथे लिहिलं पाहिजे. त्यांच्याकडे माझा अहवाल होता, त्यांनी तो दाखवला. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझी नोंदवही उघडली आणि ती चाचांपुढे फिरवली. ही सही तुमचीच का, असं विचारलं.

चाचांनी चष्मा लावून बघितलं. "व्हय. सही माझीच हाय."

वस्तीतली एक बाई उठून उभी राहिली. पंचेचाळिशीची असेल, विहिरीवर सगळ्यात जास्त थट्टा करणारी हीच. तिने सांगितलं की हे साहेब मे महिन्यात आलेच नाहीत, आम्ही हंडे कोरडे ठेवून बसलो होतो. अधिकारी चाचांकडे वळले. साहेब आले नव्हते, तर तुम्ही सही कशावर केलीत?

चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ओट्यावर मोटार उघडून बसल्यावर, कुठली तार कुठे जाते हे बघताना ते जसं बघत, तसं. एका वाक्याचं उत्तर होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. सह्या आगाऊ घेतल्या होत्या. ते बोलले नाहीत. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, तुमचं म्हणणं काय?

मी म्हटलं, "नोंदवहीत आहे ते बरोबर आहे."

अर्ज निकालात निघाला. बाहेर आवारात लिंबाखाली चाचा एकटेच उभे होते. बाकीचे लांब जाऊन उभे राहिले होते. मला त्यांना टाळून जाता आलं नाही.

ते म्हणाले, "मला वाटलं, तुमी बोलाल."

त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. ती विहीर मी दुसऱ्या सहकाऱ्याच्या फेरीत घालून घेतली आणि दोन वर्षांनी निवृत्त झालो. सत्कार झाला. शाल, श्रीफळ, प्रामाणिक सेवेबद्दल चार शब्द.

वस्तीत काय झालं ते मला तुकड्या-तुकड्याने कळलं. कधी पाटसच्या एका विहीरमालकाच्या घरी लग्नाला गेलो होतो तिथे, कधी फोनवर. लोकांनी सरळ हिशेब केला. साहेब आले नाहीत, तरी चाचाची सही आहे. चाचा आप्पांच्या बोअरच्या मोटारी भरायला जातो. म्हणजे चाचाने सह्या विकल्या. त्यांच्याकडे मोटार टाकणं लोकांनी बंद केलं. विहीर तीन वर्षांत बाराही महिने कोरडी झाली. टँकर लागला, मग घरं हलायला लागली. आप्पांचे बोअरही पुढे आटले, डाळिंब उपटलं, माळ पुन्हा माळ झाला. भेग कोणाचीच राहिली नाही. चाचा गेले तेव्हा मी पुण्यात होतो, बातमी चौथ्या दिवशी कळली. गेलो नाही. गेलो असतो तर काय म्हणून गेलो असतो?

या वर्षी फेब्रुवारीत मी खात्यात अर्ज घेऊन गेलो. पाच नोंदी खोट्या आहेत, सह्या आगाऊ घेतल्या होत्या, विहीरमालकाचा काही दोष नाही, असं पूर्ण नावानिशी लिहिलं होतं. आता तिथे बसणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिने खुर्ची दिली, अर्ज दोनदा वाचला आणि संगणकावर त्या विहिरीचा आलेख काढला. जुन्या वह्या सगळ्या आत चढवलेल्या आहेत. तिने विचारलं, "सर, मग खऱ्या पातळ्या काय होत्या?"

मी म्हटलं, माहीत नाही. मोजल्याच नव्हत्या.

ती म्हणाली की मग जास्तीत जास्त एवढंच करता येईल की त्या नोंदी रद्द करून जागा कोरी ठेवायची. तिने माझ्यासमोर करून दाखवलं. पाच ठिपके गेले. संगणकाने मार्चचा ठिपका आणि ऑक्टोबरचा ठिपका सरळ रेषेने जोडून टाकले. माझ्या खोट्या आकड्यांनी विहीर निदान थोडी तरी उतरत होती. ते काढल्यावर तिला कधी उन्हाळाच लागला नव्हता.  मग तिने हळूच नोंदी परत घातल्या आणि म्हणाली की काही पुरावा असला तर आणा, त्या वेळच्या पातळीचा, कसलाही.

पुरावा होता. भिंतीवरचे पांढरे पट्टे. ते विहिरीत मोजले की पाचही मे मिळाले असते.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने कासुर्डीला उतरलो आणि तो दीड मैल चाललो. उन्हातच. ओढ्यावर आता पूल आहे, पण त्या रस्त्याने जाणारं कोणी राहिलेलं नाही. कठड्यावरचा माझा नंबर अजून वाचता येतो. आत वाकून बघितलं तर विहीर अर्धी बुजलेली. खाली हमरस्त्यालगत प्लॉटिंग चालू आहे, तिथला मुरूम आणि फोडलेला खडक ट्रॅक्टरने आणून यात टाकतात. एकही पट्टा दिसत नव्हता, अगदी वरचा, पहिल्या वर्षाचासुद्धा. नुसता मुरूम. मला हवे होते ते सगळे त्याखाली.

मी तिथे उभा असताना मागून आवाज आला. कचेरीत उठून बोललेली तीच बाई. साठी ओलांडलेली, वस्तीत एकटी राहिलेली, दोन शेळ्या घेऊन. बाकीची दारं बंद किंवा पडलेली. तिने मला ओळखलं नाही. मोजायला येणारा साहेब, म्हटल्यावर ओळखलं.

"आता काय मोजताय, आबा?" ती म्हणाली. "दगडं?"

मी तिला तिथेच कठड्यापाशी सांगितलं. पाच सह्या, आगाऊ कशा घेतल्या, रसवंती, सगळं. पाठ केल्यासारखं एका दमात. ती शेळीचा कान धरून ऐकत होती. 

"मग चाचानी आमाला इकलं न्हवतं," ती म्हणाली.

"नाही."

"तवा का न्हाई बोललात?"

मी म्हटलं, नोकरी जाईल म्हणून. त्याहून बरं उत्तर सोळा वर्षांत मला सापडलं नव्हतं.

ती खाली बसली. "त्ये मरूस्तवर मी बोलले न्हाई त्यांच्यासंगं. समोरून आले तरी तोंड फिरवायचे. मयताला गेले न्हाई." मग म्हणाली, "हे आता मला कशापायी सांगितलंत? मी कुनाला जाऊन सांगू? कोन हाय इथं?"

मी इतरांची चौकशी केली. एक घर हडपसरला, एक पाटसला, दोघं वारले, एकाचा पत्ता तिलाही ठाऊक नव्हता. चाचांचं घर रांजणगावला गेलं, मुलगा तिकडच्या कंपनीत लागला म्हणून. मी निघालो तेव्हा ती उठली नाही. कठड्याशी बसून राहिली, पूर्वी हंडा घेऊन बसायची त्याच जागेवर.

रांजणगावला मी पुढच्या आठवड्यात गेलो. वसाहतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ, बहुतेक भाडेकरू बिहार-यूपीकडचे, शिफ्ट सुटलेली दोन-चार पोरं बाहेर मोबाइलवर हिंदीत बोलत उभी. चाची दारातच बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. आत बोलावलं, निळ्या जारमधून ग्लास भरून पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी प्या."

मी प्यालो. मग अर्जाची प्रत काढून वाचायला लागलो. चार ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"ठावं हाय मला. त्या दिवशी कचेरीतनं आल्यावर समदं सांगितलं हुतं त्यांनी."

मी विचारलं, मग तुम्ही लोकांना का नाही सांगितलं.

"सांगू दिलं न्हाई. म्हणले, त्याला दोन वर्सं ऱ्हायलीत, पेन्शन जाईल. म्हणले, आपलं पानी पिलेला मानूस हाय. आज न्हाई तर उद्या बोलंल. त्याच्या तोंडानं निघू दे." त्यांनी पदराने ग्लासची कड पुसली. "लई दिस वाट बघितली त्यांनी. रस्त्याला जीप वाजली की बघायचे."

 त्यांनी मला बरं म्हटलं नाही आणि वाईटही नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की कागदावर चाचांचं नाव आहे का. मी आहे म्हटलं. तेवढं वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी मान हलवली.

मुलगा शिफ्ट संपवून आला. कंपनीच्या निळ्या शर्टातला, आता चाळिशीच्या पुढचा. वस्तीत मी त्याला कॉलेजला जाताना बघितलं होतं. त्याने बूट काढले, उभ्याउभ्याच अर्ज पूर्ण वाचला आणि घडी घातली.

"हे कुठं द्यायचं आता?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, खात्यात दिलं आहे, पण पुराव्याशिवाय तिथे काही होणार नाही. ही प्रत तुमच्यासाठी.

"आमी काय करू हिचं?" तो शांतपणे म्हणाला. "वस्तीवर दाखवायची, तर वस्ती न्हाई. अब्बांना दाखवायची, तर अब्बा न्हाईत."

चहा झाला. मी निघालो तेव्हा तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला गाडीवर आला.  थांब्यावर मी उतरल्यावर त्याने खिशातून तो कागद काढला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाला, आई ठेवून घेईल आणि रोज काढून बघत बसेल. एवढं सांगून तो घुटमळला. त्याला पुढचं बोलणं जड जात होतं, कारण मी वयाने मोठा होतो.

"आबा, राग मानू नका. पर परत येऊ नका."

बस भरलेली होती. एका मुलाने मला बसायला जागा दिली. भीमेचा पूल लागला तेव्हा पात्रात वाळू होती आणि मधे कुठेतरी थोडं पाणी. पुण्याला येईपर्यंत कागद मी हातातच धरून बसलो होतो.

तो माझ्याकडे आहे. त्यात चाचांचं नाव आहे, इथे मी ते लिहिलेलं नाही. खात्याच्या आलेखात पाचही मे अजून माझेच आहेत.